घरच्या फितीपासून ध्वनिमुद्रिकेपर्यंत : लिझ फेअर आणि 'एक्झाइल इन गायव्हिल'

गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या सभागृहात करमणुकीचा कार्यक्रम झाला. नाट्यगीते झाली, भावगीते झाली आणि शेवटी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी गिटार घेऊन व्यासपीठावर बसली. तिने तीन गाणी म्हटली. दोन इंग्रजी, एक मराठी. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला जवळ बोलावून विचारले, "छान गायलीस हो. पण ही गाणी कोणाची?" ती म्हणाली, "माझीच, आजोबा." "तू गायलीस ते ऐकले ग. पण शब्द कोणाचे? चाल कोणाची?" ती पुन्हा म्हणाली, "माझीच." गृहस्थ क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग "असे होय!" म्हणून चहाकडे वळले.

हा प्रश्न भाबडा नाही. आपल्या पिढीचा कान ज्या संगीतावर तयार झाला त्यात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा, अशीच वाटणी होती. 'गीतरामायणा'चे शब्द गदिमांचे आणि स्वररचना सुधीर फडके यांची, हे १९५५ पासून मराठी घरांत लहान मुलालाही ठाऊक असे. भावगीताच्या तबकडीवर गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावे वाचायची आपल्याला सवय. परंतु थोडे मागे वळून पाहिले तर काय दिसते? तुकोबांच्या अभंगाला वेगळा गीतकार नव्हता. जनाबाईला कोणी चाल लावून दिली नाही. जात्याच्या खुंट्याला हात घालून पहाटे ओवी रचणारी बाई स्वतःच कवयित्री, स्वतःच गायिका आणि बहुतेक वेळा स्वतःच एकमेव श्रोती. स्वतः रचावे आणि स्वतः गावे ही रीत आपल्याला अपरिचित नव्हे. ती ध्वनिमुद्रणाच्या काळात मागे पडली, एवढेच.

त्या मुलीला आम्ही नंतर विचारले की, हे वेड कोठून लागले. तिने चार-पाच नावे सांगितली. त्यांतले एक नाव आम्ही वहीत टिपून घेतले: लिझ फेअर. पुढे काही महिने सवडीने ऐकत आणि वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की, १९९३ साली अमेरिकेत एका अप्रसिद्ध तरुणीची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली, त्या घटनेमागे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे पुष्कळ काही आहे. रॉक संगीत ज्यांना मुळीच रुचत नाही त्यांनीही ही हकीकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चे लघुरूप. अमेरिका आणि ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मूठभर बड्या कंपन्यांच्या हाती होता. त्यांच्या बाहेर राहून, थोडक्या भांडवलावर, आपल्या आवडीची गाणी काढणाऱ्या लहान कंपन्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढू लागल्या. त्यांच्या आश्रयाने जे रॉक संगीत वाढले ते 'इंडी रॉक'. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीशी त्याचे नाते जोडता येईल: बड्या प्रकाशकांकडे पाठ, हातचलाखीने काढलेले अंक, मोजके पण कट्टर वाचक. सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाना या वाद्यवृंदाची 'नेव्हरमाइंड' ही ध्वनिमुद्रिका बड्या कंपनीने काढली, ती लाखोंनी खपली आणि त्यानंतर आडरानातील या संगीताकडे साऱ्यांचे लक्ष वळले.

लघुनियतकालिकांच्या चळवळीप्रमाणे या चळवळीतही एक विसंगती होती. बंडखोरी होती, पण बंडखोर बहुतेक पुरुष होते. ध्वनिमुद्रणगृहे त्यांची, जलशांच्या जागा त्यांच्या, ध्वनिमुद्रिकांची दुकाने त्यांची आणि परीक्षणे लिहिणारेही तेच. कोणती ध्वनिमुद्रिका थोर आणि कोणती टाकाऊ, याच्या याद्या त्यांना तोंडपाठ. शिकागो शहरातील विकर पार्क ही वस्ती त्या काळी अशा मंडळींचा अड्डा होती. तेथील अर्ज ओव्हरकिल या वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या शीर्षकात 'गायव्हिल' असा शब्द आला होता. यातला 'गाय' म्हणजे आपली गोमाता नव्हे. अमेरिकी बोलीत 'गाय' म्हणजे पुरुष, गडी, बाप्या. 'गायव्हिल' म्हणजे बाप्यांचे गाव. हा शब्द लिझ फेअरने उचलला आणि त्याच्या आधी 'एक्झाइल', म्हणजे हद्दपारी, असा शब्द जोडला. राहायचे त्या गावातच, पण हद्दपार असल्यासारखे, असा त्याचा भाव.

लिझ फेअरचा जन्म १७ एप्रिल १९६७ रोजी न्यू हेवन येथे झाला. जन्मतःच तिला फेअर दांपत्याने दत्तक घेतले. वडील संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉक्टर. शिकागोच्या उत्तरेस सरोवराकाठी वसलेल्या विनेटका या सुखवस्तू उपनगरात ती वाढली. ओबर्लिन महाविद्यालयात तिने चित्रकला आणि कलेचा इतिहास हे विषय घेतले आणि १९९० मध्ये पदवी मिळवली. तेथून ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. गाणी ती करीत होती, पण ती चार भिंतींच्या आत. तेथे पाहुणा म्हणून आलेल्या क्रिस ब्रोकॉ या गिटारवादकाने ती ऐकली आणि आग्रह धरला की, ही फितीवर उतरवून मला पाठव. पैसे संपल्यावर ती विनेटकाला आईवडिलांच्या घरी परतली. आपल्या खोलीत बसून तिने १९९१ मध्ये तीन कॅसेटी भरल्या. त्यांवर स्वतःचे नाव न घालता 'गर्ली-साउंड' असे नाव घातले. 'पोरीबाळींचा आवाज' म्हणा हवे तर. जो शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई तोच तिने पाटी म्हणून लावला.

येथे त्या यंत्राविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यावाचून ही कथा घडलीच नसती. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्या सर्वांच्या परिचयाची. तिच्या अरुंद फितीवर चार पट्ट्या असतात: दोन या बाजूच्या, दोन त्या बाजूच्या. म्हणून तर कॅसेट उलटी करून घालावी लागे. १९७९ मध्ये टास्कॅम या कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याची युक्ती अशी की, चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरायच्या. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवून घ्यावी, मग ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर गावे, तिसरीवर आपल्याच आवाजाला आपणच साथ द्यावी. ज्या कामासाठी आजवर ध्वनिमुद्रणगृह, तंत्रज्ञ आणि तासागणिक भाडे लागे, ते काम घरातल्या टेबलावर होऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या ख्यातनाम गायकाने १९८२ मध्ये 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका अशाच यंत्रावर घरी भरलेल्या फितीवरून काढली, तेव्हा या यंत्राला प्रतिष्ठा मिळाली. परंतु त्याचा खरा उपयोग झाला तो ज्यांना ध्वनिमुद्रणगृहाच्या दारात कोणी उभे केले नसते त्यांना.

लिझ फेअरने या फितींच्या दोन प्रती काढल्या. एक ब्रोकॉला पाठवली आणि दुसरी ते वॉन यू या संगीतकार मित्राला. एवढ्यावर तिचा उद्योग संपला. पुढचे काम श्रोत्यांनी केले. या मित्राने प्रती काढून आपल्या मित्रांना दिल्या, त्यांनी पुढच्यांना. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी फितीतली सळसळ वाढते आणि आवाज थोडा मागे सरतो. तरीही लोक ती ऐकत राहिले. आम्हांस येथे पोथ्यांची आठवण होते. छापखाना येण्यापूर्वी आपले वाङ्मय असेच फिरले. ज्याला आवडले त्याने बसून उतरवून घेतले. कोणी शब्द चुकला, कोणी ओळ गाळली. परंतु ज्या पोथीच्या प्रती निघाल्या ती तगली आणि जिची प्रत कोणी काढली नाही ती वाळवीच्या मुखी गेली. कोणते गाणे जगावे याचा निर्णय या प्रकरणी प्रथम कंपनीने केला नाही, परीक्षकांनीही केला नाही. दोन कॅसेट-यंत्रे समोरासमोर ठेवून तासभर बसण्याची ज्यांची तयारी होती, त्यांनी तो केला.

शिकागोत ब्रॅड वुड नावाचा तरुण 'इडफुल' या नावाचे छोटे ध्वनिमुद्रणगृह चालवीत असे. त्याच्याकडे १९९२ मध्ये काम सुरू झाले. रॉक संगीतात सामान्यतः आधी तालवाद्ये भरतात, त्यांवर इतर वाद्ये आणि शेवटी गळा. वुडने तिच्या गाण्यांसाठी क्रम बदलला: आधी तिची गिटार आणि तिचा आवाज, आणि मग त्यांच्या चालीने चालतील अशी बाकीची वाद्ये. केसी राइस हा तंत्रज्ञ आणि गिटारवादक साथीला होता. याचा परिणाम असा झाला की, मुद्रण सुधारले तरी घरच्या फितीतला जिवंतपणा राहिला. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, सपाट म्हणावा असा. त्यात आर्जव नाही, लाडिकपणा नाही. घरातली माणसे झोपली आहेत आणि कोणी जागे होऊ नये अशा बेताने कोणी बोलावे, तसे ते गाणे आहे. पट्टीच्या गायिकेची फिरत त्यात शोधू नये. ती मोठी गायिका आहे असे तिचे चाहतेही म्हणत नाहीत. तिचे सामर्थ्य आहे ते नेमकेपणात.

न्यूयॉर्कच्या मॅटाडोर या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या छोट्या कंपनीला तिने स्वतःच दूरध्वनी केला. तेथील जेरार्ड कॉस्लॉय यांनी त्या सुमारास एका हौशी नियतकालिकात या फितींविषयीचे परीक्षण वाचलेले होते. त्यांनी होकार दिला. २२ जून १९९३ रोजी 'एक्झाइल इन गायव्हिल' प्रसिद्ध झाली. गाणी अठरा, पैकी काही 'गर्ली-साउंड'च्या फितींतलीच, नव्याने भरलेली.

अठरा हा आकडा योगायोगाचा नाही. रोलिंग स्टोन्स या विख्यात ब्रिटिश वाद्यवृंदाची 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका १९७२ मध्ये निघाली होती. करांच्या बोज्यातून सुटण्यासाठी हे वादक इंग्लंड सोडून दक्षिण फ्रान्समध्ये जाऊन राहिले होते. तेथील एका हवेलीच्या तळघरात तिचा मोठा भाग तयार झाला. बाप्यांच्या गावात ही ध्वनिमुद्रिका म्हणजे धर्मग्रंथच. तिच्यात गाणी अठरा. लिझ फेअरने सांगितले की, आपली ध्वनिमुद्रिका ही या थोर कृतीला एकेका गाण्यागणिक दिलेले उत्तर आहे. तेथे पुरुष ज्या बढाईने बोलतो, त्याच जागी येथे ती स्त्री बोलते जिच्याविषयी तो बोलत होता. हे उत्तर प्रत्येक गाण्यात कितपत जुळते याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. काहींना ते चपखल वाटते, काहींना ओढूनताणून आणलेले.

मराठी वाचकाला मात्र या रीतीचे नवल वाटू नये. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच बंधात जवाब द्यायचा. जवाब देण्यासाठी सवाल आधी पुरता पाठ असावा लागतो. प्रतिपक्षाला तुच्छ लेखणाऱ्याचे ते काम नव्हे. लिझ फेअरने जुनी ध्वनिमुद्रिका झिडकारली नाही. तिचा सांगाडा घेऊन आपले घर उभारले. ज्या याद्यांत तिच्यासारखीला जागा नव्हती त्या याद्यांतल्या अग्रमानाच्या कृतीशी तिने बरोबरीच्या नात्याने बोलणी केली. आमच्या मते या ध्वनिमुद्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे.

गाण्यांचे विषय काय? पहिल्या गाण्याचे शीर्षक म्हणजे फूट-इंचांतले उंचीचे माप. ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीने मनोमन ताठ उभे राहण्याचे ते गाणे. 'हेल्प मी मेरी'मध्ये आपल्याच घरात येऊन ठाण मांडणाऱ्या पुरुषांना विटलेली बाई मेरीमातेला साकडे घालते. 'डिव्होर्स साँग'मध्ये प्रवासाला निघालेल्या एका जोडप्याचे क्षुल्लक कारणावरून बिनसत जाते; त्यात एकही मोठा शब्द नाही, आणि म्हणूनच ते जिव्हारी लागते. 'स्ट्रॅटफर्ड-ऑन-गाय' हे रात्रीच्या विमानातून खाली दिसणाऱ्या शिकागोचे गाणे. ज्या गावाने जाच केला ते वरून पाहता दिव्यांची रांगोळी झालेले असते. याखेरीज काही गाण्यांत शरीरसंबंधांविषयी इतकी उघड भाषा आहे की, ती या पत्रिकेत उद्धृत करता येणार नाही, आणि घरात सर्वांसमोर ऐकताही येणार नाही.

या उघडपणाने त्या काळी खळबळ उडाली, आणि याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या परंपरेत स्त्रीच्या तोंडची उघडी भाषा मुळीच नवी नाही. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांच्या लावण्यांतील नायिका आपली इच्छा बेधडक बोलून दाखवते. परंतु ते शब्द पुरुषांनी रचलेले. बाई बोलते ती पुरुषाने लिहून दिलेले, आणि समोर ऐकायला बसलेलाही बहुधा पुरुषच. रॉक संगीताचीही रीत फार वेगळी नव्हती. लिझ फेअरने फरक केला तो एवढाच की, लेखणी स्वतःच्या हाती ठेवली. मग तीच भाषा, जी पुरुषाने लिहिली असता रसिकता ठरत होती, ती अनेकांना निर्लज्जपणाची किंवा जाहिरातबाजीची वाटू लागली. तिची प्रत्येक ओळ आम्हांला रुचली असे नाही. काही गाणी निव्वळ धक्का देण्यासाठी केलेली वाटतात, असे आमचे प्रामाणिक मत आहे. परंतु 'हे शब्द कोणाचे?' या प्रश्नाच्या उत्तरावर शब्दांची किंमत बदलावी, हे मात्र न्यायाला धरून नाही.

त्या वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने अमेरिकेतील संगीत-समीक्षकांची वार्षिक मतमोजणी केली, तीत 'एक्झाइल इन गायव्हिल' पहिली आली. १९७४ मध्ये जोनी मिचेलच्या 'कोर्ट अँड स्पार्क'ला हा मान मिळाला होता. त्यानंतर एकोणीस वर्षांनी प्रथमच एकट्या स्त्री-कलावंताला तो मिळत होता. त्यापुढील दोन वर्षांचे निकालही पाहण्यासारखे आहेत: १९९४ मध्ये कोर्टनी लव्हच्या नेतृत्वाखालील 'होल' या वाद्यवृंदाची आणि १९९५ मध्ये इंग्लंडच्या पी. जे. हार्वीची ध्वनिमुद्रिका पहिली आली. एका ध्वनिमुद्रिकेने हे सारे घडवले असे म्हणणे धाडसाचे होईल. हार्वीची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९९२ मध्येच आली होती, आणि १९९१ पासून वायव्य अमेरिकेत 'रायट गर्ल' ही मुलींची चळवळ जोर धरत होती. परंतु दार अनेक हातांनी एकदम ढकलले जात होते, आणि त्यांत हिचा हात अग्रभागी होता, एवढे म्हणता येईल.

खपाचे म्हणाल, तर १९९४ च्या वसंतापर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या. बड्या कंपन्यांच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ. छोट्या कंपनीच्या दृष्टीने अचाट. त्यासोबत असूयाही आली. शिकागोतील नामांकित ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९४ च्या प्रारंभी 'शिकागो रीडर' या साप्ताहिकाला जळजळीत पत्र लिहून तिला आणि शहरातील आणखी दोन वाद्यवृंदांना बाजारू ठरवले. तिच्यावर दुसरा आक्षेप असा की, तिला रंगमंचावर गाता येत नाही. त्यात तथ्य होते. खोलीत बसून गाणाऱ्या या मुलीला जलशांचा अनुभव जवळजवळ नव्हता, आणि सभाधीटपणाचा अभाव तिला अनेक वर्षे छळत राहिला. परंतु ज्या गावात नवख्या मुलांना भर मैफलीत चुका करीत शिकण्याची मुभा होती, तेथे तिच्या चुका मात्र मोजल्या जात होत्या.

पुढची वाट सरळ नव्हती. 'व्हिप-स्मार्ट' १९९४ मध्ये आली, तिसरी ध्वनिमुद्रिका १९९८ मध्ये. २००३ मध्ये तिने बड्या कंपनीतर्फे, लोकप्रिय गाण्यांच्या घाटाची चौथी ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा जुने चाहते खवळले. 'पिचफोर्क' या संगीतविषयक प्रकाशनाने तिला दहांपैकी शून्य गुण दिले. ज्यांनी तिला बाप्यांच्या गावाबाहेर पडल्याबद्दल डोक्यावर घेतले होते, त्यांनीच आता तिने कोणते गाणे गावे याची सीमारेषा आखून दिली. त्या परीक्षणाच्या लेखकाने २०१९ मध्ये जाहीर क्षमा मागितली, हे त्याच्या सभ्यतेचे लक्षण. पण मध्ये सोळा वर्षे गेली होती.

काळाने मात्र न्याय केला. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तीत 'एक्झाइल इन गायव्हिल' ३२८ व्या स्थानी होती. तीच यादी २०२० मध्ये नव्याने झाली तेव्हा ती ५६ व्या स्थानी आली. ध्वनिमुद्रिका तीच होती, तिच्यातला एकही स्वर बदलला नव्हता. बदलले होते मत देणारे. २०२१ मध्ये तिने 'सोबरिश' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तिच्यासाठी ती पुन्हा ब्रॅड वुडकडेच गेली.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती २०१८ मधील घटना. पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून मॅटाडोरने ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा 'गर्ली-साउंड'च्या तिन्ही फिती शुद्ध करून तिच्यासोबत प्रथमच रीतसर प्रसिद्ध केल्या. ज्या गाण्यांच्या केवळ हातोहात काढलेल्या प्रती फिरत होत्या त्यांना छापील पोथीचे रूप आले. त्याच उन्हाळ्यात याच कंपनीने 'स्नेल मेल' या नावाने गाणाऱ्या लिंडसी जॉर्डन या एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील मुलीची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. स्वतःच शब्द, स्वतःच चाल, हाती गिटार. या मुलीला 'हे तुझेच का?' असे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

हे सारे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर वारंवार बहिणाबाई चौधरी उभ्या राहत होत्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरच्या मंडळींनी ती उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. कवयित्रीने आपले पुस्तक पाहिले नाही. लिझ फेअरला सव्विसाव्या वर्षी आपली ध्वनिमुद्रिका हाती घेता आली. दोघींच्या प्रतिभेची तुलना करण्याचा आमचा उद्देश नाही. त्यांची जगेही वेगळी. परंतु दोघींच्या बाबतीत घरातला आवाज बाहेर पोचला तो एकाच कारणाने: ऐकणाऱ्याला तो जपून ठेवावासा वाटला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही याच श्रद्धेने.

आणि आपण? आपले पूर्वज शिंदे-होळकरांबरोबर, गायकवाडांबरोबर, कोणी नोकरीच्या निमित्ताने या मुलखांत आले आणि येथलेच झाले. घरातल्या बायकांनी मंगळागौरीची, डोहाळजेवणाची, लग्नातल्या विहिणींची गाणी सोबत आणली, आणि पुढे त्यांत येथले शब्द मिसळले: कोठे माळवी, कोठे गुजराती, कोठे कानडी, कोठे तेलुगू. काहींनी नवी गाणी जोडली. त्यांचे कर्ते कोण, हे कोणी विचारले नाही, कारण घरातल्या बाईने गाणे 'केले' असेल अशी शंकाच कोणाला आली नाही. १९८० च्या सुमारास आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेट-यंत्रे आली. परदेशी गेलेल्या मुलाला आजीने चार शब्द बोलून कॅसेट पाठवायची, अशी तेव्हा पद्धतच होती. त्या फितींवर कोठे कोठे एखादे गाणेही असेल. आमच्या आईची अशी एक फीत होती. तिच्यावर पुढे कोणीतरी चित्रपटगीते भरून घेतली. ती आम्हीच भरली, हे येथे कबूल करतो.

फितीचे आयुष्य मर्यादित असते. तीस-चाळीस वर्षांत तिच्यावरचा थर सुटू लागतो. ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कप्प्यात अशा फिती असतील त्यांनी त्या येत्या दिवाळीपूर्वी काढून पाहाव्यात आणि मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. संगणकावर उतरवून मूळ फीत परत करण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. फितीबरोबर एका चिठ्ठीवर गाणारीचे नाव लिहावे, आणि गाणे तिचे स्वतःचे असल्यास तेही न विसरता लिहावे. त्या गणेशोत्सवातल्या मुलीने हे काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. ती दर रविवारी सकाळी दहा वाजता ग्रंथालयात बसते.